दादा, कोणतं सर्टिफिकेट करू?

गेल्या रविवारी कल्याणहून आत्या आली. बरोबर आत्तेभाऊ. पोहे झाले, चहा झाला, काकांच्या गुडघ्याची चौकशी झाली, आणि मग आत्याने पिशवीतून एक चकचकीत ब्रोशर काढून माझ्यासमोर ठेवलं. "तू यातलाच ना? जरा बघून सांग. स्टेशनजवळचा क्लास आहे. पंच्याऐंशी हजार म्हणतायत. काका म्हणाले, एफडी मोडू."

एफडी मोडू हे शब्द ऐकले आणि माझा चहा गार झाला. कारण सहा वर्षांपूर्वी याच घरात, याच टेबलावर असंच एक ब्रोशर होतं. फक्त ते मी आणलं होतं.

आत्तेभाऊ बी.एस्सी. आयटी झालाय. ऐरोलीच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर डेस्कटॉप सपोर्ट करतो. म्हणजे रोज कल्याण ते ठाणे लटकत, ठाण्याला दहा नंबरकडे धावत, पुढे ट्रान्सहार्बर. दिवसभर लोकांचे पासवर्ड रीसेट करायचे आणि प्रिंटरमधला अडकलेला कागद काढायचा. त्याला सर्व्हर ॲडमिन व्हायचंय. इच्छा रास्त आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटर्स उभी आहेत, ती त्याला रोज दिसतात. आत जायचा दरवाजा मात्र सापडत नाही, आणि ब्रोशरवाला सांगतो की दरवाजा माझ्याकडे आहे.

ब्रोशरमध्ये सात सर्टिफिकेट्स होती. लिनक्स, विंडोज सर्व्हर, ॲझ्युअर, एडब्ल्यूएस, कुबरनेटीस, सायबर सिक्युरिटी, आणि सातवं क्लासचं स्वतःचं. "शंभर टक्के जॉब असिस्टन्स" मोठ्या अक्षरात, "परीक्षेची फी वेगळी" मुंगीएवढ्या अक्षरात. (जॉब नाही हं, असिस्टन्स. शब्द नीट वाचावेत.)

"दादा, यातलं कोणतं करू? की सगळीच करू?"

आता मी काय उत्तर दिलं ते सांगण्याआधी थोडं मागे जातो.

आपल्याकडे सर्टिफिकेटचं वेड काही आजचं नाही. आईच्या पिढीत टायपिंग होतं. इंग्रजी चाळीस, मराठी तीस. दहावी झाली की मुलगी टायपिंग क्लासला. मग २००१ साली एमएस-सीआयटी आलं आणि अर्धा महाराष्ट्र ते करून आला. आमच्या घरात दोन्ही प्रमाणपत्रं आहेत, एकाच फाईलमध्ये. आई अजूनही कीबोर्डवर न बघता टाईप करते. एमएस-सीआयटी केलेले काका मात्र फाईल कुठे सेव्ह झाली ते मला फोन करून विचारतात.

यात काकांचा दोष नाही. टायपिंगच्या परीक्षेत समोर मशीन असायचं, घड्याळ चालू असायचं आणि उतारा टाईप करावाच लागायचा. चुका मोजल्या जायच्या. तिथे चार पर्यायांतून एक निवडायची सोय नव्हती. बोटांना येतं किंवा येत नाही. सर्व्हरच्या परीक्षांमध्येही हाच भेद आहे आणि माझ्या मते निवड करताना पहिला प्रश्न हाच विचारावा. ही परीक्षा टायपिंगसारखी आहे का? समोर खरं मशीन देतात का?

मला हे कळायला एक दिवस लागला. तारीखसुद्धा पाठ आहे, १२ ऑक्टोबर २०२०.

२०१९ मध्ये इंजिनियरिंग संपलं तेव्हा माझ्या हातात कॅम्पसची नोकरी नव्हती. बाबांकडून पैसे घेतले आणि मायक्रोसॉफ्टचं एमसीएसए केलं, सर्व्हर २०१६ वालं. ७०-७४०, ७४१, ७४२ अशा तीन परीक्षा. अभ्यास केला असं म्हणवत नाही. कुठून तरी डम्प्स मिळाले होते, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न उत्तरांसकट. ते पाठ केले. तिन्ही परीक्षा पास. आईने पेढे वाटले. ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत सिस्टिम ॲडमिन म्हणून लागलोसुद्धा, म्हणजे सर्टिफिकेटने त्याचं काम केलं. खोटं कशाला बोलू.

छोट्या कंपनीत ॲडमिन म्हणजे सगळंच. विंडोज पण तुझं, लिनक्स पण तुझं, सीसीटीव्ही पण तुझा. फाईली ठेवायला एक सेंटओएस ७ चा सर्व्हर होता. त्याला मी बॅकअपसाठी एक बाहेरची डिस्क जोडली होती आणि ती आपोआप माउंट व्हावी म्हणून एफएसटॅब फाईलमध्ये एक ओळ लिहिली होती. नंतर डिस्क काढून घेतली. ओळ तशीच राहिली. सर्व्हर चालूच होता, त्यामुळे कोणाला काही कळायचं कारण नव्हतं.

त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांमध्ये बिघाड झाला आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. मी डोंबिवलीत घरून काम करत होतो. ऑफिसच्या यूपीएसने थोडा वेळ दम धरला आणि मान टाकली. वीज आल्यावर सगळं उठलं, तो एक सर्व्हर सोडून. मॅनेजरचे फोन सुरू. बाईक काढली. मोठागाव-माणकोली पूल तेव्हा झाला नव्हता (तो २०२४ मध्ये सुरू झाला), त्यामुळे कल्याण-शीळ रोड, मुंब्रा बायपास असा धुळीचा प्रवास करत ठाण्याला पोचलो.

स्क्रीनवर काय, तर मशीन नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतंय आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागतंय. तो पासवर्ड माझ्या आधीच्या माणसाने ठेवलेला, आणि तो माणूस कधीच नोकरी सोडून गेलेला.

मी एमसीएसए. तीन परीक्षा पास. आणि त्या काळ्या स्क्रीनसमोर मला पुढची एकही गोष्ट येत नव्हती.

शेवटी बदलापूरला राहणाऱ्या एका जुन्या सिनियरला फोन लावला. त्यांनी फोनवरून एकेक ओळ सांगितली. ग्रबच्या स्क्रीनवर ई दाब. कर्नलच्या ओळीच्या शेवटी आरडी डॉट ब्रेक लिही. सिसरूट रीड-राईट माउंट कर, सीएचरूट कर, पासवर्ड बदल. एफएसटॅबमधली ती ओळ आत्ताच उडव. आणि हो, एसईलिनक्ससाठी ऑटोरीलेबलची फाईल करायला विसरू नकोस. वीस मिनिटांत सर्व्हर उठला. मी विचारलं, "सर, हे तुम्हाला तोंडपाठ कसं?" ते हसले. "अरे, आरएचसीएसएच्या अभ्यासाचा पहिला धडा आहे हा."

घरी येऊन रेड हॅटने जाहीर केलेला त्या परीक्षेचा अभ्यासक्रम उघडला. बूट होताना मध्येच थांबवून सिस्टिममध्ये शिरता येणं, हा एक मुद्दा. फाईल सिस्टिम बूटच्या वेळी यूयूआयडीने किंवा लेबलने माउंट करणं, हा दुसरा. माझ्या त्या दिवसाच्या दोन्ही चुका त्या यादीत छापलेल्या होत्या. आणि त्या परीक्षेचा एक नियम मला फार आवडला. तुम्ही केलेलं काम रीबूटनंतरही टिकलं पाहिजे, नाहीतर गुण नाहीत. इंटरनेट मिळत नाही, मशीनमधली मॅन पेजेस उघडता येतात. बस्स. टायपिंगची परीक्षाच ती.

पुढची गंमत ऐका. ३१ जानेवारी २०२१ ला मायक्रोसॉफ्टने एमसीएसए आणि एमसीएसई बंदच केली. ज्या अक्षरांसाठी बाबांचे पैसे गेले, ती दीड-दोन वर्षांत इतिहासजमा. आणि तो सेंटओएस ७? त्याचाही सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. पण बूट न होणारं मशीन कसं उठवायचं ते आज रॉकी किंवा अल्मा लिनक्सवरही थोड्याफार फरकाने तसंच आहे. विंडोजवाल्यांनी हसू नये. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राईकच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स झोपवली, तेव्हा कित्येक ठिकाणी इलाज एकच होता. प्रत्येक मशीनपाशी जा, सेफ मोडमध्ये शिर, ती फाईल उडव, बिटलॉकर असेल तर त्याची की शोध. त्या दिवशी भिंतीवरची फ्रेम कोणाच्या उपयोगी पडली असेल असं वाटत नाही.

म्हणजे सर्टिफिकेट करूच नये का? असं ज्ञान पाजळणारे सिनियर्स खूप भेटतात. "स्किल महत्त्वाचं रे, कागद नाही." त्यांचं मला पटत नाही. हे बोलणाऱ्यांकडे बहुधा इंजिनियरिंगची डिग्री आणि दहा वर्षांचा अनुभव असतो. कल्याणच्या बी.एस्सी. आयटीवाल्या, कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलाचा बायोडेटा एचआरच्या चाळणीतून खाली पडायला लागतो तो याच कागदामुळे. त्याला कागद हवाच. प्रश्न एवढाच, की ज्या कागदासाठी पैसे मोजायचे, तो मिळवताना हातालाही काही लागावं.

आणि सात कागद तर मुळीच नकोत. हिशोब करून बघा. रेड हॅटचं सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. एडब्ल्यूएसचंही तीन. कुबरनेटीसचं सीकेए एप्रिल २०२४ पासून दोन वर्षांवर आलंय. मायक्रोसॉफ्टची हल्लीची ॲडमिनिस्ट्रेटरची सर्टिफिकेट्स एकच वर्ष (नूतनीकरण ऑनलाईन आणि फुकट, एवढं बरं). सगळी जिवंत ठेवायची तर हा मुलगा दर वर्षी परीक्षाच देत बसणार. कॉन्ट्रॅक्टच्या पगारात. रोज कल्याण-ऐरोली करून.

म्हणून आत्तेभावाला मी तीनच गोष्टी सांगितल्या.

पहिली, आरएचसीएसए कर. आधी हेच. कंपनी विंडोजची असली तरी लिनक्स कुठे ना कुठे भेटतंच, आणि क्लाउडवर गेलास तरी खाली बहुतेक वेळा तेच असतं. डिस्क, युजर, परमिशन, नेटवर्क, फायरवॉल, बूट. हा पाया हाताने घातला की बाकीचं शिकता येतं. घरच्या लॅपटॉपवर सराव होतो. रेड हॅट २०२१ पासून एकट्या व्यक्तीला १६ मशीन्सपर्यंत फुकट वापरू देते. पंच्याऐंशी हजार लागत नाहीत. परीक्षेची फी तेवढी साठव, ती काही कमी नाही.

दुसरी, पुढचं सर्टिफिकेट आत्ता ठरवू नकोस. नोकरीत जो सर्व्हर तुझ्या गळ्यात पडेल, तो ठरवेल. ॲक्टिव्ह डिरेक्टरीचं काम आलं तर मायक्रोसॉफ्टचं विंडोज सर्व्हर हायब्रिडवालं किंवा ॲझ्युअर ॲडमिनिस्ट्रेटर. त्यात पर्यायांचे प्रश्न जास्त, पण रोज तेच काम करत असशील तर चालेल. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस फुकट मिळते, त्यावर सराव कर. शंभर लिनक्स सर्व्हर सांभाळायला लागले तर आरएचसीई. ती परीक्षा आरएचईएल ८ पासून अन्सिबलवर आहे, म्हणजे शंभर मशीन्सचं काम एका फाईलीतून करायचं. कंटेनर आले तर सीकेए, तीही दोन तास टर्मिनलवर हाताने सोडवायची परीक्षा.

तिसरी, डम्प्सना हात लावायचा नाही. हे बोलताना मी जरा खाली बघत होतो.

आत्याला माझं म्हणणं फारसं रुचलं नाही. क्लास नाही, फी नाही, म्हणजे अभ्यास कसला? "घरी बसून होतं का रे हे?" तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. क्लासला जायचं म्हणजे वेळ ठरते, चार मुलं भेटतात, कोणीतरी विचारणारं असतं. म्हणून त्याला म्हटलं, एकट्या लिनक्सचा छोटा क्लास लावायचा तर लाव. पण आधी तिथे जाऊन दोन प्रश्न विचार. प्रत्येकाला स्वतःचं मशीन मिळतं का? आणि ते मोडायला परवानगी आहे का? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गोंधळला, तर उठून ये.

जाताना आत्याने ब्रोशर परत पिशवीत ठेवलं. एफडीचं काय ते काका ठरवतील. मी मुलाच्या लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन टाकून दिलं आणि गृहपाठ दिला. एफएसटॅबमध्ये नसलेल्या डिस्कची ओळ लिही आणि रीबूट कर.

बुधवारी रात्री साडेअकराला फोन आला. "दादा, मशीन उठतच नाहीये. रूटचा पासवर्ड मागतंय, आणि मी काय ठेवला होता तेच आठवत नाही."

म्हटलं, अरे वा. बस आता, ग्रबच्या स्क्रीनवर ई दाब.