हृदयाचे पाट आणि गावाची भोवळ

नीरा डाव्या कालव्याच्या टापूतील वडगाव निंबाळकरसारख्या गावांत एक गोष्ट सर्वांस ठाऊक आहे: पाणी फाट्या-चाऱ्यांतून आले तर सारे रान वेळेवर भिजते, बांध फोडून सोडले तर कुठे तुंबते, कुठे पोचतच नाही. हृदयाचेही असेच आहे. वरच्या कप्प्यात उठणारी विद्युत्‌लहर ‘हिस’च्या जुडग्यातून व त्याच्या शाखांतून खालच्या कप्प्यांत पसरते. ही वाट तुटली की नाडी मंदावते, माणूस भोवळ येऊन कोसळतो.

१९५८ साली स्टॉकहोममध्ये पहिला पेसमेकर शरीरात बसविला गेला. पुढे अनेक दशके त्याची तार उजव्या कप्प्याच्या टोकाशी ठेवण्याचा प्रघात राहिला. जीव वाचे, परंतु लहर आडवाटेने जाई आणि काहींचे हृदय कालांतराने दुबळे होई. २००० साली अमेरिकेत डॉ. प्रमोद देशमुख व सहकाऱ्यांनी तार थेट त्या जुडग्याशी बसविल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. २०१७ मध्ये चिनी डॉक्टरांनी डाव्या शाखेची वाट दाखविली.

संशोधनाचे हे पाणी गावापर्यंत यावयाचे कसे? पेसमेकरचा उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तथापि वृद्धाची भोवळ ‘अशक्तपणा’ म्हणून सलाइनवर निभावली, तर हे सारे व्यर्थ होय. शुद्ध हरपलेल्या प्रत्येक रुग्णाची नाडी मोजणे व हृदयालेख काढणे, आणि शंका राहिल्यास तो पुन्हा काढणे, हा आरोग्य केंद्राचा नियमच व्हावयास हवा. मुखाशीच दार बंद असेल, तर कालवा भरून वाहतो याचे शेताला काय?