अनामत खाते

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आमच्या आजोबांच्या दुकानात, नव्या वह्यांवर हळदकुंकू वाहण्यापूर्वी, कोणत्याही पोथीत न सांगितलेला असा एक विधी होत असे. दिवाणजी जुनी खतावणी उघडीत, तिच्या शेवटच्या पानांवरील ‘अनामत खाते’ या मथळ्याखालच्या नोंदी एकेक करून मोठ्याने वाचीत, आणि प्रत्येक नोंदीनंतर आजोबा एवढेच विचारीत, “थांग लागला?” लागला असेल तर ती रक्कम ज्याच्या त्याच्या खाती जाई, नसेल तर नव्या वहीत तिच्यापुढे ‘पुढे चालू’ असे दोन शब्द पडत. त्यांतली एक नोंद आम्हांस आजही आठवते. एका बाजाराच्या दिवशी रात्री गल्ला मोजताना रोजकिर्दीपेक्षा सव्वाअकरा रुपये अधिक भरले होते. ते विक्रीत धरावेत, असे दिवाणजींनी सुचविले, तेव्हा आजोबा म्हणाले, “ज्याचा धनी ठाऊक नाही, ती रक्कम आपली कशी म्हणावी? अनामतात घाला.” फेकून देण्याजोगी ती रक्कम नव्हती आणि आपली म्हणण्याजोगीही नव्हती, म्हणून तिच्यासाठी वहीत एक स्वतंत्र, सन्मानाची जागा राखून ठेवलेली होती.

यंदाच्या दिवाळी अंकाचे संपादकीय लिहावयास बसलो असता हे खाते आठवण्याचे कारण असे की, अलीकडे सकाळचे वर्तमानपत्र उघडावे तर ‘गुप्तचर सूत्रांच्या हवाल्याने’ आलेले एखादे वृत्त बहुधा समोर उभे असते : अमुक परराष्ट्राने तमुक देशात उठाव घडवून आणला, अमक्या निवडणुकीत पैसा ओतला, तमक्या पुढाऱ्यास विकत घेतले. अशा वृत्ताचा स्वभावच असा असतो की सांगणारा नाव सांगत नाही, कागद दाखवीत नाही, आणि दाखविण्यास असमर्थ असल्याचे कारणही राज्याच्या सुरक्षिततेच्या पडद्याआड ठेवतो. मग वाचक काय करतो? ज्या राष्ट्राविषयी त्याच्या मनात आधीच आकस असेल त्याच्याविरुद्धचे वृत्त तो तत्काळ जमेस धरतो आणि आपल्या आवडत्या राष्ट्राविरुद्धचे वृत्त बाजारगप्प म्हणून झटकून टाकतो. पुराव्याचे वजन करावयाचा तराजू अशा रीतीने आपल्या रागलोभाचे वजन करू लागतो. ही गोष्ट आम्हांस गंभीर वाटते, आणि म्हणून तिच्याविषयी सणाच्या दिवशीही बोलावेसे वाटते.

या विषयातील एक प्रकरण तर आपल्याच देशाच्या राजधानीत सुरू झालेले आहे. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या ‘पेट्रियट’ या दैनिकात एक निनावी पत्र प्रसिद्ध झाले. लिहिणारा स्वतःस अमेरिकेतील एक नामांकित शास्त्रज्ञ म्हणवीत होता, आणि त्याचे म्हणणे असे होते की एड्स हा नवा भयंकर रोग अमेरिकेच्या लष्कराने मेरीलँडमधील फोर्ट डेट्रिक येथील प्रयोगशाळेत मुद्दाम निर्माण केला असून, पुढचे प्रयोग आता पाकिस्तानात होणार आहेत. भारतीय वाचकाच्या मनातील कोणती तार छेडावयाची, हे लिहिणाऱ्यास पक्के ठाऊक होते, हे त्या शेवटच्या तपशिलावरून दिसते. दोन वर्षे ते पत्र पडून राहिले. ऑक्टोबर १९८५ मध्ये मॉस्कोच्या ‘लितेरातूर्नाया गझेता’ने तोच आरोप छापला आणि आधार म्हणून दिल्लीच्या त्या दैनिकाचे नाव दिले, पुढे पूर्व बर्लिनमधील एका जीवशास्त्रज्ञाने त्यास शास्त्रीय प्रबंधाचा पेहराव चढविला, आणि १९८७ पर्यंत ही कथा ऐंशीहून अधिक देशांत, तीसहून अधिक भाषांत पोहोचली. अखेर १९९२ मध्ये रशियाच्या परराष्ट्र हेरखात्याचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव यांनी हा सारा बनाव सोव्हिएत हेरखात्याचाच होता, अशी कबुली दिली. त्या रोगाचा विषाणू चिंपांझी वानरांतून विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत, म्हणजे जनुकांची काटछाट करण्याची विद्या जन्मास येण्याच्या कितीतरी आधी, मनुष्यात आला, हे आता विज्ञानाने दाखवून दिलेले आहे.

या प्रकरणात मन थांबते ते कारस्थानाच्या कौशल्यापाशी नव्हे, तर एका अगदी साध्या प्रश्नापाशी. ऐंशी देशांतील वाचकांस वाटले असेल की इतक्या ठिकाणी छापून येते त्या अर्थी काहीतरी तथ्य असलेच पाहिजे. परंतु त्या सर्व वृत्तांचा माग उलट दिशेने काढीत गेले असता तो एका पत्रापाशी येऊन थांबत होता, आणि त्या पत्राखाली सही नव्हती. महाराष्ट्रास ही परीक्षा नवी नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून समकालीन अस्सल कागद आणि मागाहून रचलेली बखर यांच्या मोलातील अंतर आपल्या संशोधकांनी सतत ध्यानी ठेवले, एका बखरीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी उतरली असेल तर ती साक्ष तिघांची होत नाही, एकाचीच राहते. दप्तरातील रुमालांची धूळ झटकताना जी शिस्त पाळावयाची, तीच आजच्या वृत्ताच्या बाबतीत पाळावी, यात कोणता मोठा पराक्रम आहे?

तथापि, असत्य केवळ निनावी पत्रांतूनच येते असे समजून कोणी सरकारी मोहरेवर विसंबेल तर तोही फसेल. २००३ सालचे इराकचे प्रकरण घ्या. इराकने आफ्रिकेतील नायजर या देशाकडून युरेनियम मिळविण्याचा प्रयत्न केल्याचे कागद पाश्चात्त्य हेरखात्यांच्या हाती आले होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ते तपासले, तेव्हा ऑक्टोबर २००० ची तारीख असलेल्या एका पत्राखाली ज्या परराष्ट्रमंत्र्याची सही होती, तो गृहस्थ त्यापूर्वी दहा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर नव्हताच, असे आढळून आले. एखाद्या तालुका कचेरीतील कारकुनाने बनावट दाखला ओळखावा तितक्या सहजतेने ती बनावट उघडी पडली, आणि ७ मार्च २००३ रोजी महंमद अल्-बरादेई यांनी सुरक्षा मंडळापुढे ते कागद अस्सल नसल्याचे सांगितले. तरीही त्याच महिन्याच्या २० तारखेस युद्ध सुरू झाले. फिरत्या जैविक प्रयोगशाळांचा जो आरोप ५ फेब्रुवारी रोजी त्याच मंडळापुढे मांडण्यात आला होता, त्याचा मुख्य आधार जर्मनीत आश्रयास आलेला एक इराकी मनुष्य होता. अमेरिकी हेरखात्याने युद्धापूर्वी त्याची समोरासमोर जबानी घेतलेली नव्हती, आणि २०११ मध्ये आपण खोटे सांगितले, असे त्याने स्वतःच उघडपणे मान्य केले. सत्ताधीशांस जे ऐकावयाचे होते तेच त्यांच्या कानी पडले, आणि कान तृप्त झाल्यावर डोळ्यांनी पाहण्याची निकड कोणासच उरली नाही.

इतके ऐकल्यावर काही सुज्ञ वाचक म्हणतील की मग अशा साऱ्याच गोष्टींवर अविश्वास ठेवावा. आमचे नम्र निवेदन असे की तोही आळसाचाच एक प्रकार आहे. १९७० च्या सुमारास जर कोणी सांगितले असते की, अमेरिकेच्या व आपल्या हेरखात्याने मिळून हिमालयात नंदादेवीच्या शिखरावर प्लुटोनियमवर चालणारे यंत्र बसविण्याचा घाट घातला होता आणि ते यंत्र बर्फात हरवले, तर त्या मनुष्यास आपण कादंबरीकार ठरविले असते. परंतु चीनने १९६४ मध्ये अणुस्फोट केल्यानंतर, त्याच्या क्षेपणास्त्र चाचण्यांवर कान ठेवण्यासाठी, १९६५ च्या शरद ऋतूत गिर्यारोहकांची तुकडी ते यंत्र घेऊन खरोखरच चढली होती. हवामान बिघडल्याने ते वाटेतच ठेवून तिला परतावे लागले, आणि पुढल्या वर्षी शोधावयास गेली तेव्हा ते जागेवर नव्हते. १९७८ मध्ये एका अमेरिकी मासिकाने ही हकीकत छापली, आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी संसदेत उभे राहून ती मुळात खरी असल्याचे सांगितले. इराणमध्ये ऑगस्ट १९५३ मध्ये मोसादेक यांचे सरकार उलथविण्यात आपला हात होता, हे अमेरिकी हेरखात्याने आपल्याच कागदांतून मान्य करावयास २०१३ साल उजाडले. इराणी जनता मात्र ती गोष्ट साठ वर्षे बोलत होती. आणि जर्मनी हल्ला करणार, या आपल्याच हेरांच्या इशाऱ्यांस शत्रूचा डाव मानून स्टालिनने झिडकारले, त्याचे मोल २२ जून १९४१ च्या पहाटेपासून रशियाच्या लक्षावधी माणसांनी चुकते केले.

तेव्हा प्रश्न विश्वासाचा की अविश्वासाचा, असा नाहीच. काही नोंदी जमेच्या असतात, काही खोडून टाकण्याच्या असतात, आणि पुष्कळशा, अगदी प्रामाणिकपणे पाहिले तर, अनामताच्या असतात. अशा एका नोंदीचा निर्देश येथे मुद्दाम करतो. सोव्हिएत हेरखात्याच्या दप्तरखान्यातील एक अधिकारी वासिली मित्रोखिन याने वर्षानुवर्षे गुप्त कागदांची हस्तलिखित टिपणे घेतली, ती आपल्या गावाकडील घराच्या जमिनीखाली पुरून ठेवली, आणि १९९२ मध्ये ती इंग्रजांच्या स्वाधीन केली. त्यांवरून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भारताविषयी असे म्हटले आहे की, १९७२ या एका वर्षात त्या हेरखात्याने भारतीय वृत्तपत्रांत ३,७८९ लेख पेरल्याचा दावा केला होता. आकडा इतका रेखीव आहे की त्यापुढे शंका काढण्यास संकोच वाटावा. परंतु तो आकडा कोणी कोणास कळविला होता? दिल्लीतील हस्तकांनी मॉस्कोतील आपल्या वरिष्ठांस, आपण किती काम केले हे दाखविण्यासाठी. जो लेख तसाही छापून आला असता, तो आपणच छापविला असे कळविण्यास त्यांस कोणती अडचण होती? दुसऱ्या बाजूने, टिपणे घेणाऱ्याने प्राण पणास लावून ती घेतली, आणि त्यांतील कित्येक गोष्टी अन्य देशांत खऱ्या ठरल्या, हेही नाकारता येत नाही. म्हणून टिपणे खरी, हेरांनी तसे कळविले असणे संभवनीय, आणि कळविले तसे घडले की नाही ते अनिश्चित, अशा तीन पायऱ्यांवर ही नोंद विभागून ठेवावी लागते. या तिन्ही पायऱ्या एकीत घातल्या की हिशेब चुकला.

एवढी काटेकोर वागणूक कशासाठी, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर राजकारणात नसून माणसांत आहे. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या आसामात व दार्जिलिंगकडे राहिलेल्या, तेथेच जन्मलेल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० माणसांस घरांतून उचलून राजस्थानात देवळी येथील छावणीत नेण्यात आले. त्यांत म्हातारी होती, शाळकरी मुले होती. परराष्ट्राचे हस्तक असल्याचा गुन्हा त्यांच्यावर न्यायासनासमोर कधी शाबीत झाला नाही, तो मांडण्यातही आला नाही. आणि काहींची सुटका होण्यास १९६७ साल उजाडले. परराष्ट्राच्या गुप्त कारवायांविषयीचा संशय हा नेहमी दूरच्या राजधानीवर जाऊन आदळत नाही. पुष्कळदा तो शेजारच्या घरावर, निराळ्या नाकडोळ्यांच्या, निराळ्या नावाच्या, निराळ्या देवाच्या मनुष्यावर येऊन कोसळतो. ज्याने एखादे वृत्त अनामतात न ठेवता सरळ जमेस धरले, त्याने ती किंमत कोणा दुसऱ्याच्या खाती नावे टाकली, याची त्यास कल्पनाही नसते.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे ती कठीण नाही. असे वृत्त हाती येईल तेव्हा पाहावे की सांगणाऱ्यास हे कळले कसे, आणि तो प्रत्यक्षदर्शी आहे की ऐकीव सांगतो; अनेक साक्षी आहेत की एकीच्याच अनेक नकला; गोष्ट खरी असती तर मागे कोणती खूण राहिली असती आणि ती राहिली आहे काय; आणि सर्वांत शेवटी, हे ऐकून आपणांस आनंद का झाला. हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तो दुसऱ्या कोणास विचारावयाचा नसतो. इतके करूनही थांग लागला नाही, तर ‘ठाऊक नाही’ असे म्हणावे, आणि ते म्हणताना मान खाली घालू नये. या अंकात लेखकांनी जे लिहिले आहे, त्यातही आम्ही शक्य तेवढी हीच कसोटी लावली आहे. कोठे उणे राहिले असेल तर वाचकांनी अवश्य कळवावे.

आजोबांचे दुकान पुढे बंद झाले. त्यांच्या हातची शेवटची खतावणी आमच्याकडे आहे, आणि यंदा वह्या-पुस्तकांची पूजा मांडताना ती आम्ही पुन्हा उघडून पाहिली. उधारीची बहुतेक खाती बेबाक झालेली आहेत. शेवटच्या पानावर मात्र फिकट शाईत सव्वाअकरा रुपयांची ती नोंद तशीच उभी आहे, आणि तिच्यापुढे आजोबांच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे, ‘पुढे चालू’. कितीतरी दिवाळ्या गेल्या, धनी आला नाही, आणि त्यांनी ती रक्कम एकदाही आपली म्हटली नाही. त्या वहीतील बाकीच्या साऱ्या आकड्यांवर आमचा जो विश्वास आहे, तो त्या एका ओळीमुळे आहे.