भाडोत्री बंदुकीचा धनी कोण?

मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले, तेव्हा निजामशाहीने त्यांची जहागीर पुत्र शहाजीराजांकडे चालविली. बारामतीनजीकचे सुपेही त्या जहागिरीतलेच. घोडा-हत्यार स्वतःचे असले तरी शिलेदाराला जाब विचारणारा व त्याच्या वारसांची दाद घेणारा धनी असे. आजच्या खासगी लष्करी कंपन्यांना तो कोठे आहे? १६ सप्टेंबर २००७ रोजी बगदादेत ब्लॅकवॉटरच्या रक्षकांनी १७ नागरिक मारले. शिक्षा झालेल्या चौघांना २०२० साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी चक्क माफी दिली! उभय तालुक्यांतील निवृत्त जवानाला अशा नोकरीची गळ घालणारा दलाल १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला आहे काय, हे सरकारने आधी तपासावे. आणि तो मेल्यास भरपाई कोण देणार, हे करारात लिहवून घ्यावे, अशी आमची मागणी आहे.