भांगातले ठिपके

गेल्या चातुर्मासात आमच्या गावी माताजींचा केशलोच झाला. राख लावून एकेक बट हातानं उपटली जात होती आणि आम्ही बायका हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून बघत होतो. "केवढा हा त्याग!" म्हणत घरी आलो. त्याच संध्याकाळी शेजारच्या वैनी हळूच म्हणाल्या, "अक्का, आमच्या पोरीचा भांग रुंद दिसतोय की हो. पावण्यांच्या नजरेला आला तर? डोक्यावर टॅटू करतात म्हणे, करून घेऊ काय?"

बायांनो, सकाळी ज्या डोक्याला नमस्कार केला, संध्याकाळी त्याचीच लाज वाटली आपल्याला!

हा टॅटू म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्या. सुईनं डोक्याच्या कातडीत रंगाचे बारीक ठिपके भरतात. विरळ केसांतून दिसणारी कातडी झाकली जाते आणि केस दाट असल्याचा भास होतो. त्यासाठी दोन-तीन बैठका लागतात. काही वर्षांत रंग फिका पडतो, पुन्हा पैसे मोजा. सुई अस्वच्छ असेल तर जंतुसंसर्ग, रंग सोसला नाही तर खाज आणि पुरळ. आणि एवढं सगळं करून एक केससुद्धा नवा उगवत नाही. उद्या केस पिकले की पांढऱ्या केसांखाली काळे ठिपके!

गोंदणाला माझा विरोध नाही. माझ्या आजीच्या कपाळावरही होतं. भाजल्याचा व्रण आहे, चाई पडून केस परत आलेच नाहीत, आणि एखादीला स्वतःलाच ते झाकावंसं वाटलं, तर तिनं खुशाल करून घ्यावं. माझं भांडण आहे ते पोरीला न विचारता तिचं डोकं रंगवायला निघालेल्या आपल्याशी.

केस का गळतात, हे कुणी विचारलं? अंगात लोह कमी, थायरॉईड, बाळंतपण, मोठा ताप, अशी कारणं असतात. यातली पुष्कळ बरी होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. आपल्या घरातल्या काय वेगळ्या असणार? याच पोरीनं दशलक्षणात दहा उपवास केले, तेव्हा आपण तिचा सत्कार केला. उपवास तिच्या श्रद्धेचा, त्याला मी बोट लावत नाही. पण बाकीचे साडेअकरा महिने तिच्या ताटात काय पडतं? डाळ दादाला जास्त, दूध दादाला, आणि हिला चहा-चपाती! चातुर्मासात पालेभाजी नसेल तर मूग, मटकी, नाचणी, तीळ, हळीव आहेत की. वर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा देऊ नका. कंदमुळाशिवाय सगळं जमतं. पण रक्त फारच कमी असेल तर नुसत्या आहारानं भागत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात.

मी वैनींना सांगितलं, टॅटूचे पैसे ठेवा बाजूला, आधी डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन आठ निघालं. पोर म्हणाली, "अक्का, जिना चढताना धाप लागायची, मी सांगत होते." ते कुणी ऐकलं नव्हतं. भांग मात्र सगळ्यांना दिसला होता.

आता गोळ्या चालू आहेत. पावणे यायचे तेव्हा येतील. भांग आहे तसाच दिसू दे त्यांना.