बारव आणि रेहल

फर्निचरच्या दुकानात जुन्या इतिहासाची छाप असलेले कॉफी टेबल मागितले, की पिरॅमिड दाखवतात. माझे नाव ऐकल्यावर मात्र मेहराब आणि जाळी पुढे येते. मेहराब मला प्रियच आहे. पण माझा इतिहास तेवढाच का?

आपल्या सेलू तालुक्यात वालूरची बारव आहे. तिच्या दगडी पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात. मला टेबल करायचे, तर सुताराला हीच बारव दाखवावी : सागवानाचे गोल टेबल, वर काच, आत फिरत उतरणाऱ्या लाकडी पायऱ्या. खालच्या पायांसाठी आपली रेहल पाहावी. कुरआन शरीफ ठेवायची ही घडी एकाच फळीतून कोरतात. दोन्ही भाग एकमेकांत गुंतलेले; खिळा नाही, वेगळी बिजागरी नाही.

या दोन्ही गोष्टी एका टेबलात आल्या, तर कोणाचे काय बिघडते? बारव ‘त्यांची’ आणि रेहल ‘यांची’ अशी वाटणी आजकाल फार सहज होते. आपणही ती मुकाट्याने मान्य करतो, हे मला जास्त खुपते. मराठवाड्यातल्या मुसलमानाने बारवेला आपली म्हणायला परवानगी का मागावी? पाणवठ्यांवर एकेकाळी जातीचे पहारे होते. निदान वारशावर तरी नवे पहारे बसू देऊ नयेत.