विश्लेषण : आजारपणात किंवा गोळी घेऊन गाडी चालवणे गुन्हा आहे का? कायदा नेमके काय सांगतो?

अंबरनाथ उड्डाणपुलावर नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेल्या अपघाताने ठाणे जिल्ह्यात एक जुना प्रश्न पुन्हा समोर आला. दारू पिऊन गाडी चालवू नये हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण छातीत दुखत असताना, साखर खाली गेलेली असताना किंवा सर्दीची गोळी घेऊन डोळे जड झालेले असताना सुकाणू हाती घेतले, तर कायद्याच्या लेखी ते काय ठरते?

अंबरनाथच्या पुलावर काय घडले?

२१ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी अंबरनाथ पूर्व आणि पश्चिम जोडणाऱ्या उड्डाणपुलावर एका मोटारीने समोरून येणाऱ्या दुचाकींना धडक दिली. मोटार नगरपालिका निवडणुकीच्या प्रचारात असलेल्या एका उमेदवाराची होती. चालकासह चार जणांचा मृत्यू झाला. चालकाला गाडी चालवतानाच हृदयविकाराचा झटका आला आणि त्याचा ताबा सुटला, असे प्राथमिक तपासात सांगण्यात आले.

अशा घटनेत दोष कोणाचा? चालकाला आजाराची काहीच कल्पना नसेल, तर फौजदारी कायदा त्याच्याकडे बोट दाखवत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १८ नुसार गुन्हेगारी हेतू किंवा जाणीव नसताना, कायदेशीर कृत्य योग्य काळजी घेऊन करत असताना घडलेला अपघात गुन्हा ठरत नाही. मात्र ‘योग्य काळजी’ या दोन शब्दांपाशी प्रकरणाचा रंग बदलतो. झटका अचानक आला, की सकाळपासून छातीत कळ येत होती? चक्कर पहिल्यांदाच आली, की डॉक्टरांनी गाडी चालवू नका असे आधीच बजावले होते? निष्काळजीपणा धडकेच्या क्षणी नव्हे, तर किल्ली फिरवण्याच्या क्षणी झाला का, हे तपासावे लागते.

आजारी माणसाने गाडी चालवण्याबद्दल वेगळे कलम आहे का?

आहे, आणि बहुतेक वाहनचालकांना ते माहीत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १८६. ज्या आजारामुळे किंवा व्यंगामुळे आपले वाहन चालवणे लोकांना धोकादायक ठरेल, असा आजार आपल्याला आहे हे माहीत असूनही जो सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवतो, तो या कलमाखाली दोषी ठरतो. यातला कळीचा भाग ‘माहीत असूनही’ हा आहे.

शिक्षा किती? पहिल्या वेळी जास्तीत जास्त एक हजार रुपये दंड, पुन्हा केल्यास दोन हजार. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ही रक्कम अनुक्रमे २०० आणि ५०० रुपये होती. कैद नाही. शिवाय पोलिसांसमोर गुन्हा घडल्यास विनावॉरंट अटक करण्याचा जो अधिकार कलम २०२ देते, त्यात धोकादायक वाहन चालवणे आणि नशेत वाहन चालवणे येते. कलम १८६ येत नाही. फिट येत असल्याचे माहीत असून शिळफाटा रस्त्यावर टेम्पो चालवणाऱ्याला जास्तीत जास्त हजार रुपये, हे प्रमाण कोणालाही पटणारे नाही. कोणी दगावले तर मात्र प्रकरण न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये जाते. निष्काळजीपणामुळे मृत्यूसाठी तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे कायदा जागा होतो तो माणूस गेल्यानंतर.

एक तरतूद मालकांनी आवर्जून वाचावी. कलम १८८ नुसार या गुन्ह्याला चिथावणी देणारा किंवा साह्य करणाराही तितक्याच शिक्षेला पात्र आहे. ‘ताप असला तरी फेरी मारून ये, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस’ असे चालकाला सांगणारा मालक यातून सुटत नाही. भिवंडीच्या गोदामांतून रात्री निघणाऱ्या गाड्या असोत की डोंबिवलीतल्या शाळेच्या व्हॅन, रजा घेतली की त्या दिवसाची कमाई बुडते, हे चालकाचे वास्तव आहे. हजार रुपयांच्या दंडापेक्षा बुडालेली रोजी त्याला जास्त भिववते.

औषध घेतले तर ते ‘नशेत’ धरले जाते का?

इथे बराच गोंधळ आहे. कलम १८५ चे दोन भाग आहेत. दारूसाठी आकडा ठरलेला आहे : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल. ‘ड्रग’साठी असा आकडा नाही. वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका त्या पदार्थाचा अंमल असला पाहिजे, एवढेच कायदा म्हणतो. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा पकडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

ड्रग म्हणजे गांजा-चरसच, असा समज आहे. प्रत्यक्षात २०१९ च्या दुरुस्तीने व्याख्येत अमली पदार्थविरोधी कायद्यातील मनोविकारी द्रव्येही घातली. त्या यादीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम ही नावे आहेत. झोप लागत नाही, घाबरल्यासारखे होते म्हणून हजारो घरांत रात्री घेतल्या जाणाऱ्या या गोळ्या आहेत. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बाळगणे आणि घेणे कायदेशीरच आहे. पण चिठ्ठी असल्यास कलम १८५ लागू होणार नाही, अशी सूट त्या कलमात लिहिलेली नाही. गोळी चिठ्ठीवर घेतली की गल्लीत, यापेक्षा ताबा होता की नव्हता हा मुद्दा आहे.

आता सर्दीची गोळी घ्या. क्लोरफेनिरामाइनसारखे झोप आणणारे घटक असलेल्या गोळ्या मेडिकलवाल्याकडून सहज मिळतात. हे घटक अमली पदार्थांच्या यादीत नाहीत, त्यामुळे कलम १८५ मध्ये त्यांना बसवणे अवघड. कलम १८६ ‘आजार किंवा व्यंग’ म्हणते, औषधाचा उल्लेखच करत नाही. म्हणजे सर्वांत जास्त लोक जी औषधे घेऊन गाडी चालवतात, ती दोन कलमांच्या मधल्या फटीत पडतात. अपघात झालाच तर भरधाव व बेदरकार वाहन चालवण्याचे कलम २८१ किंवा मृत्यूचे १०६ लावले जाते आणि औषधाचा मुद्दा आरोपपत्रात आला तर येतो.

नाकाबंदीतही हेच दिसते. होळी किंवा ३१ डिसेंबरला पोलिसांच्या हातात असते ते श्वासविश्लेषक यंत्र. ते अल्कोहोल ओळखते, गोळी नाही. औषधाचा अंमल सिद्ध करायला रक्त आणि प्रयोगशाळा लागते.

परवाना देताना हे तपासले जात नाही का?

ठाण्यात एमएच ०४ असो की कल्याणात एमएच ०५, पद्धत एकच आहे. खासगी वाहनाच्या परवान्यासाठी चाळिशीच्या आतल्या अर्जदाराने फक्त नमुना १ भरायचा. त्यात अपस्मार आहे का, अचानक शुद्ध हरपते किंवा चक्कर येते का, रातांधळेपणा आहे का, लोकांना धोका होईल असा अन्य आजार आहे का, असे प्रश्न असतात आणि उत्तर अर्जदार स्वतःच देतो. चाळिशीनंतर आणि व्यावसायिक परवान्यासाठी डॉक्टरांचे नमुना १-अ प्रमाणपत्र लागते. त्यातही ईसीजी किंवा रक्तातील साखर यांचा रकाना नाही.

मुदतीचे गणित आणखी ढिले आहे. तीस ते पन्नास वयात घेतलेला खासगी परवाना दहा वर्षे चालतो. ४१ व्या वर्षी नूतनीकरण झाले आणि ४३ व्या वर्षी मधुमेहासाठी इन्शुलिन सुरू झाले, तर पुढची आठ वर्षे कोणी काही विचारणार नाही. व्यावसायिक परवान्याची मुदत पाच वर्षे आहे.

परवाना मध्येच रद्द करता येतो. कलम १६ प्रमाणे, धारक आजारामुळे वाहन चालवण्यास अपात्र आहे असे मानण्यास सबळ कारण असेल, तर परवाना अधिकारी केव्हाही तो रद्द करू शकतो किंवा नवे वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो. पण आरटीओला कळणार कसे? डॉक्टरांनी कळवलेच पाहिजे, असे बंधन मोटार वाहन कायद्यात नाही. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत समाजाला गंभीर आणि स्पष्ट धोका असल्यास रुग्णाची माहिती उघड करण्याची मुभा आहे. मुभा आणि बंधन यांत फरक आहे, आणि रुग्ण तुटेल या भीतीने डॉक्टर गप्प राहतात, हेही समजण्यासारखे आहे.

दुसरी बाजूही आहे. अपस्माराच्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की परवाना अडतो. शेवटची फिट कधी आली, औषधाने आजार आटोक्यात आहे का, हे नमुना १ विचारत नाही. ब्रिटनमध्ये वर्षभर फिट आली नसेल तर मोटारीचा परवाना मिळू शकतो. आपल्याकडे खरे बोलणाऱ्याला शिक्षा आणि लपवणाऱ्याला परवाना, असा प्रकार होतो. २०२० मध्ये केंद्राने हेच नमुने बदलून सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाट मोकळी केली. अपस्माराबाबत तसे करण्यात अडचण कोणती, हे कळत नाही.

‘आजारी होतो’ हा बचाव न्यायालयात टिकतो का?

महाराष्ट्राला आठवणारे प्रकरण पुण्याचे आहे. २५ जानेवारी २०१२ रोजी स्वारगेट आगारातून एसटी बस घेऊन निघालेल्या चालकाने रस्त्यावर नऊ जणांचा बळी घेतला. मानसिक आजाराचा बचाव घेण्यात आला. न्यायालयांनी तो मान्य केला नाही. उपचार सुरू होते एवढे पुरत नाही. कृत्य करताना आपण काय करतो आहोत हे कळण्याची क्षमताच नव्हती, हे आरोपीला दाखवावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये फाशीची जन्मठेप केली, दोषसिद्धी मात्र कायम राहिली.

लपवलेल्या आजाराचे उदाहरण स्कॉटलंडमधले आहे. २२ डिसेंबर २०१४ रोजी ग्लासगोत कचऱ्याच्या ट्रकचा चालक बेशुद्ध पडला आणि सहा पादचारी ठार झाले. तो २०१० मध्ये बसमध्येही बेशुद्ध झाला होता आणि नोकरी घेताना ते सांगितले नव्हते, हे चौकशीत उघड झाले.

औषधांबाबत इंग्लंड-वेल्सने मार्च २०१५ पासून आकडे ठरवले. डायझेपामसाठी एक लिटर रक्तात ५५० मायक्रोग्रॅम. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे औषध घेतले असेल आणि गाडीवर ताबा असेल तर बचावही आहे. फ्रान्समध्ये औषधाच्या खोक्यावरच पिवळा, नारंगी किंवा लाल त्रिकोण छापतात. लाल म्हणजे गाडी चालवूच नका. आपल्याकडे सूचना असली तर इंग्रजीत, बारीक टायपात, खोक्यातल्या घडी घातलेल्या कागदावर. आणि दहापैकी चार गोळ्या कापून दिल्या तर तो कागदही मिळत नाही.

पीडितांना भरपाई मिळते का?

चालकाचा दोष नव्हता म्हणून पीडितांनी रिकाम्या हाताने परतावे, असे नाही. कलम १६४ नुसार दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. अधिक भरपाई हवी असल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली जावे लागते. तिथे निष्काळजीपणाचा प्रश्न येतो आणि चालकाची जुनी वैद्यकीय कागदपत्रे महत्त्वाची ठरतात. कलम १८५ खालील नशा सिद्ध झाल्यास विमा कंपनीला जबाबदारी नाकारण्याचे एक कारण मिळते. ती रक्कम मग वाहनमालकाच्या अंगावर येऊ शकते.

चालकाने काय करावे?

नवे औषध सुरू होताना ‘यावर गाडी चालवू का?’ हे डॉक्टरांना थेट विचारावे आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावे. झोपेची गोळी रात्री उशिरा घेतली तर सकाळी तिचा अंमल उरलेला असू शकतो. बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यात घातले असतील किंवा भूल दिली असेल, तर त्या दिवशी परतताना सुकाणू दुसऱ्याकडे द्यावे. इन्शुलिन घेणाऱ्याने निघण्यापूर्वी साखर तपासावी आणि गाडीत साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. छातीत दुखणे, अंधारी, हातापायात मुंग्या यांपैकी काही जाणवले, तर घर दोन किलोमीटरवर असले तरी थांबावे. पार्किंगचे चारही दिवे लावून गाडी कडेला घ्यावी आणि १०८ वर फोन करावा. कल्याणच्या पत्रीपुलावर किंवा अंबरनाथच्या त्या अरुंद पुलावर कडेला घेण्याइतकी जागा नसते, म्हणून हा निर्णय पुलावर चढण्याआधीच घ्यावा लागतो.