जंताच्या अंगावरची साखर अन् आपल्या बकऱ्या



मागच्या श्रावणात माझ्या चार बकऱ्या गेल्या. हगवण नाही, खोकला नाही. गळ्याखाली पाणी उतरलं, पापणी आतून पांढरीफटक पडली अन् चार दिवसांत खेळ खलास. वीस दिवस आधी सगळ्या कळपाला जंताचं औषध पाजलेलं होतं, म्हणून जंताचा संशयच आला नाही. डॉक्टरांनी एकीचं पोट फाडून दाखवलं. चौथ्या पोटात लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्यासारखे जंत वळवळत होते. नाव हिमोंकस. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त खातो. हजार जंत असले तर ५० मिली. पंधरा-वीस किलोच्या पाटीत रक्तच मुळात लिटर-दीड लिटर. हिशेब तुम्हीच करा.

तेव्हापासून आमच्याकडे एकच बोलणं चालू आहे. "पीपीआरची लस निघते, आंत्रविषाराची निघते, मग जंताची काहून नाही? कंपन्यांना औषध विकायचं आहे म्हणून लस येऊ देत नाहीत." मीही हेच म्हणायचो. आता म्हणत नाही. डॉक्टरांना विचारून विचारून जे समजलं ते सांगतो. मी दहावी पास माणूस, माझ्याच भाषेत सांगतो.

लस करायची म्हणजे जंताच्या अंगातलं एखादं प्रथिन शरीराला आधी ओळखायला लावायचं. हिमोंकसच्या आतड्यात एच-११ नावाचं प्रथिन आहे. प्रयोगशाळेत अशी प्रथिनं स्वस्तात करायची सोपी रीत म्हणजे जंताचा जनुक जिवाणूत घालायचा, जिवाणू भराभर प्रथिन करून देतो. एच-११ तसं केलं, मेंढ्यांना टोचलं, संरक्षण मिळालं नाही. जंतातून काढलेलं तेच प्रथिन टोचलं की मिळतं.

संक्रांतीचा काटेरी हलवा पाहिला ना? आत तीळ एवढासा, वरून पाक चढवून चढवून साखरेचा काटा आणलेला. जंताची प्रथिनं अशीच असतात. त्यांच्यावर साखरेच्या साखळ्या चढवलेल्या असतात. चहातली साखर नव्हे. फ्युकोज, मॅनोज असल्या साखरा. एच-११ वर फ्युकोज अशा रीतीने बसवलेली आहे, जशी शेळी-मेंढीच्या शरीरात नसतेच. शरीराला आधी दिसतो तो काटा, तीळ नंतर. अन् साधा जिवाणू देतो तो नुसता तीळ, काट्याशिवाय.

गंमत म्हणजे काट्यानेच सगळं होतं असंही नाही. शास्त्रज्ञांनी मातीतल्या एका निरुपद्रवी सूत्रकृमीत हे प्रथिन करून पाहिलं. त्यावर साखर बऱ्यापैकी जंतासारखीच चढली, तरी मेंढ्यांना संरक्षण मिळालं नाही. म्हणजे प्रथिनाची घडी कशी पडते हेही जमावं लागतं. शिवाय काही परजीवी साखरेचा उलटाच वापर करतात. रक्तातल्या पर्णकृमीच्या अंगावर आपल्याच पेशींवर असते तशी साखर असते. त्याच्या अंड्यातलं एक प्रथिन तर साखरेच्या आधाराने आपल्या पेशीत शिरतं अन् प्रतिकाराची दिशाच बदलून टाकतं. चोराने घरच्या माणसाचं धोतर नेसून यावं तसं.

मग लस कुठेच नाही का? आहे. स्कॉटलंडच्या मोरेडन संस्थेने ऑस्ट्रेलियातल्या लोकांसोबत बार्बरव्हॅक्स काढली, २०१४ पासून तिथे मेंढ्यांना देतात. ती करतात कशी? मेंढ्यांच्या पोटातून खरेखुरे जंत काढून, त्यांच्या आतड्यातली प्रथिनं साखरेसकट वेगळी करून. जंत रक्त पितो, त्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी त्याचंच आतडं बिघडतं. डोसात प्रथिन अगदी मायक्रोग्रॅममध्ये लागतं. पण आधी तीन डोस अन् पुढे दर सहा आठवड्यांनी एक.

आता माझं म्हणणं. ही लस जशीच्या तशी आपल्याकडे आणा असं मी म्हणत नाही. दर सहा आठवड्यांनी टोचणं दहा बकऱ्यावाल्याला कुठून परवडणार? पण आपल्याकडे पावसाचा जोर तीन-चार महिन्यांचाच, ई-क्लासच्या ओल्या गवतावर अळ्या चढतात त्या तेव्हाच. तेवढ्या दिवसांपुरती लस पुरेल का, हे आपल्या बेरारी शेळीवर करून पाहायला अकोल्याची पशुवैद्यक संस्था आहे, नागपूरचं विद्यापीठ आहे. खाटकाकडे रोज फेकली जाणारी पोटं आहेत. कच्चा माल गटारात जातो आहे. "लवकरच जंतावर लस" अशा पोस्टी टाकणाऱ्यांना विनंती, आधी तिळाला काटा कसा आणणार ते सांगा.

तोवर आपण तरी काय करतो? वर्षानुवर्षं तेच अल्बेंडाझोल, तेही अंदाजाने, सगळ्या कळपाला. कमी डोस पडला की तगडे जंत वाचतात, त्यांचीच पिल्लावळ वाढते. एक मादी दिवसाला पाच-दहा हजार अंडी टाकते, वेळ किती लागणार? माझ्या वीस दिवसांच्या औषधाचं तेच झालं असावं. लेंड्या तपासून घेतल्या असत्या तर कळलं असतं, पण मला वाटलं, औषधापेक्षा तपासणीचीच कटकट जास्त.

यंदा मृगापासून दर पंधरा दिवसांनी मी पापण्या उघडून बघतो. लाल-गुलाबी असली तिला सोडतो, फिकट झाली तिला वजन करून डोस. परवा बावीसपैकी तीन निघाल्या. त्यांच्या लेंड्या डबीत भरून ठेवल्या आहेत, उद्या मंगरूळपीरला दवाखान्यात घेऊन चाललो.